पाहुणे बघायला येणार आहेत

अण्णा, म्हणजे माझे वडील, वाक्य कधी पूर्ण करत नसत. पलटणीत त्यांची बरीच वर्षं वायरलेसवर गेली, त्यामुळे असेल. लागतील तेवढेच शब्द ते बोलत. "रविवारी पाहुणे येणारेत. बघायला. तू ने." एवढं सांगून पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. कुठले पाहुणे, हे मी कधीमधी विचारायची. काय बघायला, हे मात्र कधीच विचारलं नाही. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला ते विचारावं लागत नाही. गावाच्या डोक्यावर अजिंक्यतारा उभा आहे, खाली राजवाडा आहे, माहुलीला संगम आहे, आणि रस्त्यावरच्या दर दुसऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर 'राजधानी सातारा' असं लिहिलेलं असतं. राजधानी म्हटल्यावर पाहुणे बघायला येणारच.

अण्णा मूळचे म्हसवडकडचे, माणदेशातले. निवृत्तीनंतर आम्हा मुलांच्या शाळेसाठी त्यांनी गोडोलीत किल्ल्याच्या पायथ्याशी घर बांधलं. सातारा त्यांना उशिरा मिळाला, म्हणून असेल, पण जन्मानं सातारकर असलेल्या माणसांपेक्षा त्यांना त्याचा अभिमान जास्त. मला वाचनाचा नाद होता. बखरी, जुनी पत्रं, गॅझेटियर, जे हाती लागेल ते मी वाचायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांना सांगायची. ते शेंगा सोलत ऐकायचे. मध्येच हात थांबायचा. "अस्सं," म्हणायचे. त्या एका 'अस्सं'साठी मी वाचत होते असं म्हटलं तरी चालेल.

त्या ओट्यावरच त्यांनी मला एक शब्द दिला होता. माझं बी. ए. नुकतंच झालं होतं आणि मामांनी कराडचं स्थळ आणलं होतं. मला साडी नेसवून बैठकीत बसवलं. मुलाकडच्या एका गृहस्थांनी माझ्याकडून वर्तमानपत्राचा मथळा वाचून घेतला. मग म्हणाले, "बाळ, जरा दारापर्यंत जाऊन ये." मी गेले, आले. ते शेजारच्याला म्हणाले, "पायात काही खोट न्हाई." सगळे मोकळेपणानं हसले, आईसुद्धा. स्थळ पुढं गेलं नाही. संध्याकाळी मी अण्णांना म्हणाले, "मला पुन्हा कुणापुढं बसवू नका."

"नाही बसवणार," ते म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

इतर मुलींना वडिलांशी भांडावं लागत होतं, रुसावं लागत होतं. मला एकदाच सांगावं लागलं. मी एम. ए. केलं, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि इथल्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागले. मैत्रिणींना मी सांगायची, आमचे अण्णा वेगळे आहेत.

पाहुण्यांचा सिलसिला त्याच सुमारास सुरू झाला. बहुतेक रविवारी, बहुतेक दिवाळीनंतर, हवा बरी असताना. अण्णांचे पलटणीतले मित्र, मित्रांचे व्याही, आईच्या माहेरकडच्या कुणाचे तरी शेजारी, अशी माणसं जीपमधून यायची. दोन-तीन पुरुष, दोन-तीन बायका, सोबत एखादा तरुण मुलगा. अण्णा खाली ओट्यावरच थांबायचे, गुडघा दुखतो म्हणून. पुरुषांपैकी वयस्कर असतील ते त्यांच्यापाशी बसायचे. बाकीच्यांना घेऊन मी निघायची.

आदल्या दिवशी मी तयारी करायची. कुणाला काय सांगायचं, कुठं थांबायचं, बायका असतील तर चढ कुठं सोपा. डबा मीच करावा असा अण्णांचा हट्ट असायचा. "गडावर काही मिळत नाही. आणि तुझ्या हातची चटणी लोकांना आवडते." मी पहाटे उठून भाकरी थापायची, भरलं वांगं करायची. आई त्या एका दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. मला वाटायचं, तिला तेवढीच विश्रांती.

राजवाड्यापासून सुरुवात. तेव्हा आत जाता येत नसे, म्हणून बाहेर उभं राहूनच मी सांगायची, की गादी गडावरून खाली कशी आली, गाव गडाच्या सावलीतून बाहेर कसं पसरलं. मग चार भिंती. टेकडीच्या उतारावरची ती जागा मला फार आवडायची. दसऱ्याची मिरवणूक बघायला राण्यांसाठी ती बांधली असं सांगतात. भिंतींच्या आत बसायचं आणि खालून जाणारे हत्ती-घोडे बघायचे. मी हे एका घोळक्याला सांगत असताना त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "म्हंजे त्या समद्यास्नी बघायच्या. त्यास्नी कोन बघायचं न्हाई."

"झ्याक हुतं की मग," दुसरी म्हणाली.

सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसले. विनोद मला कळला असं मला वाटलं.

गडाच्या दरवाज्यापाशी फोटो व्हायचा. मी बाजूला सरकायची, कारण माझ्यामुळं बुरूज झाकला जायचा. "आवं, आत या की तुमी, आत," असं म्हणून ते मला मधे उभं करायचे. मला त्यांचं अगत्य वाटायचं. वर मंगळाईचं देऊळ, तळी, वाड्याचा पडका चौथरा. दक्षिणेच्या कड्यावर उभं राहून मी सज्जनगड दाखवायची. एकदा एका बाईंनी विचारलं, "चष्मा काढून दिसतोय का तुमास्नी त्यो?" मी चष्मा काढला. प्रामाणिकपणे बघितलं. म्हणाले, "धुरकट दिसतो." त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, त्यांनाही धुरकटच दिसत असणार.

दुसऱ्या एकीनं विचारलं होतं, गड चढताना दम लागत नाही का. तिसरीनं चटणीत लसूण किती घातला ते विचारलं. एका गृहस्थांनी शिलालेखापुढं उभं करून म्हटलं, वाचून दाखवा. मला येत होतं तेवढं मी वाचलं. उरलेलं का वाचता येत नाही, ते समजावून सांगितलं. ते फार मन लावून ऐकत होते. माझं इतकं मन लावून कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. वर्गात नाही, परिषदेत नाही. साताऱ्याचा इतिहास कळावा म्हणून माणसं चढ चढून येतात आणि माझ्या तोंडाकडं बघत ऐकतात, यानं मी अनेक सोमवार सुखात काढले आहेत.

पाहुणे गेले की अण्णा विचारायचे, "काय काय सांगितलंस? कोण काय म्हणालं?" मी सगळं सांगायची. ते नुसते ऐकत.

त्यातल्या एका दिवसाबद्दल वेगळं लिहायला हवं. सांगलीचे पाहुणे होते. अण्णांच्या पलटणीतल्या जुन्या मित्राचं कुटुंब, घरात हळदीचा व्यापार, मुलगा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. त्या दिवशी गड लवकर झाला आणि जीप होती, म्हणून मी त्यांना संगम माहुलीलाही नेलं. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथला घाट, देवळं, समाध्या. त्यांत एक समाधी कुत्र्याची आहे. महाराजांचा लाडका कुत्रा, त्यानं शिकारीत धन्याचा जीव वाचवला अशी गोष्ट सांगतात. मी ती सांगितली. बाकीचे नदीकडं गेले. तो मुलगा थांबला.

"म्हणजे हा भुंकला," तो म्हणाला.

"भुंकला म्हणून महाराज सावध झाले, असं सांगतात."

"आमच्या घरात जो भुंकतो त्याला गप्प बसवतात. समाधी सोडाच."

मी हसले. मग त्यानं विचारलं, ही गोष्ट कुठं लिहिलेली आहे का, की नुसती सांगतातच. आजवर एकाही पाहुण्यानं असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, मला लिहिलेली सापडली नाही, पण समाधी आहे, म्हणजे कुणाला तरी ती खरी वाटली असणार. तो म्हणाला, "प्रयोगशाळेत हे चालत नाही." मी म्हणाले, "ग्रंथालयात चालतं." एवढंच बोलणं. नंतर मी कुणालाही ती समाधी दाखवताना आधीच सांगून टाकायची, की ही गोष्ट मला कुठं लिहिलेली सापडलेली नाही. ती सवय मला त्यानं लावली. त्या संध्याकाळी अण्णांना मी हेही सांगितलं होतं. ते म्हणाले, "अस्सं."

पुढं वर्षं गेली. पाहुणे कमी होत गेले आणि मी पस्तिशीकडं आले तसे थांबलेच. मी त्याचाही अर्थ लावला होता. आता लोकांकडं स्वतःच्या गाड्या आल्या, मोबाईलवर नकाशे आले, कासच्या फुलांची गर्दी आली. सातारा दाखवायला आता माणूस लागत नाही. हे मी सहकाऱ्यांना म्हणायची, थोड्या हळहळीनं.

अण्णा गेल्या मार्गशीर्षात गेले. आजार लांबला नाही. माहुलीला दहावा झाला, माझ्या भावानं केला. भेटायला येणाऱ्यांची रीघ चालूच होती. बायका आत आईपाशी बसायच्या, पुरुष बाहेर. असंच एका दुपारी सांगलीच्या त्या काकू आल्या, कारखान्यातल्या मुलाची आई. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून पुतण्याला घेऊन आल्या होत्या. आईच्या गळ्यात पडून रडल्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"हीच न्हवं का ती? किल्ला दावनारी?"

आई म्हणाली, "व्हय."

"लगीन?"

"न्हाई केलं."

"मग नुसतं आमास्नीच न्हाई म्हणाली आसं न्हाई," काकू म्हणाल्या, आणि जमलेल्या बायकांकडं वळल्या. "आवं, आमी बघायला आलतो हिला. पोरगी पसंत हुती. गड उतरायच्या आदीच मी ह्यांच्या कानात सांगितलं, हीच करायची. आन नंतर फोन आला. पोरगी न्हाई म्हणतीया."

मी म्हणाले, "काकू, तुम्ही सातारा बघायला आला होतात."

"सातारा काय पळून चालला हुता? तुमास्नीच बघायला आलतो."

दोन बायका हसल्या आणि दुखवट्याचं घर आहे हे आठवून गप्प झाल्या. अण्णांना जिथं ठेवलं होतं तिथं दिवा लावलेला होता. आई पुढं वाकून त्याची वात सारखी करायला लागली. वात चांगली होती.

बोलायचं तर म्हणावं लागलं असतं, की मला कुणी विचारलंच नाही. म्हणजे अण्णा खोटं बोलले. ते त्यांच्याच दिव्यापुढं म्हणावं लागलं असतं. काकू चहा पिऊन गेल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आसूं द्या. ज्याचं त्याचं." मला माफ केल्यासारखं म्हणाल्या.

घर रिकामं झाल्यावर मी आईपाशी बसले.

"सगळेच का?" मी विचारलं.

"सगळे कोन?"

"पाहुणे. बघायला यायचे ते सगळे."

"मग काय किल्ला बघायला यायच्यात व्हय लोकं? जेजुरीला जात्यात, ज्योतिबाला जात्यात. पडका किल्ला बघायला सांगलीस्नं कोन येतंय?"

"अण्णांनी मला शब्द दिला होता."

"काय दिला हुता? बसवणार न्हाई म्हणून. बसवलं का तुला कवा?"

खरंच बसवलं नव्हतं. चालवलं होतं. बैठकीतून दारापर्यंत चालवलं म्हणून मी रडले होते, तर त्यांनी मला राजवाड्यापासून मंगळाईच्या देवळापर्यंत चालवलं. वाचून घेतलं, चष्मा काढून बघायला लावलं, हातची चटणी चाखवली. आणि परत आल्यावर कोण काय म्हणालं ते माझ्याकडूनच विचारून घेतलं. शब्द त्यांनी अक्षरशः पाळला होता. वायरलेसवरच्या माणसाला कुठला शब्द गाळायचा हे कळतं.

"आणि हो म्हणालेल्यांना 'नाही' कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"का?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं की हे तरी मला कळायला हवं होतं. "पोरीला दावतच न्हाई म्हणून भावकी नावं ठेवत हुती. म्हणून दावायचं. दावायचं बी हुतं आन द्यायचं बी न्हवतं. तू गेली असतीस तर सांजच्याला त्यांच्यासंगं कोन बोलणार? मी? मला कुठं तुमचं राजं-रजवाडं कळत्यात?"

"मला विचारायचं तरी."

"आन तू व्हय म्हणाली असतीस तर?"

हे ती सहज बोलली. तिला त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. उलट, माणूस किती जीव लावून होता याचा तो पुरावा आहे, असंच तिला वाटत असावं. मी विचारलं, सांगलीच्या मुलाबद्दल मी घरी येऊन सांगितलं होतं, तेव्हा अण्णा काय म्हणाले? ती म्हणाली, "तवाच घाबरलं ते. म्हणाले, ह्यो पोरगा तिला प्रश्न इचारतोय."

मला वडिलांचा राग येतो हे लिहायला मला फार वेळ लागला. मेलेल्या माणसावर राग धरणं कठीण असतं, कारण तो येऊन काही बोलत नाही. जिवंतपणी ते मला म्हणू शकले असते, की तू जाऊ नकोस. मी कदाचित गेलेही नसते. मी ओट्यावर बसायची ते मला आवडायचं म्हणून. पण ते मला राहायला सांगत नव्हते, जायलाही सांगत नव्हते. मी निवड केली आहे असं मला वीस वर्षं वाटत राहील, एवढी व्यवस्था त्यांनी केली होती. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की मी ताठ मानेनं सांगायची, मला करायचं नव्हतं. ते उत्तर मी देत होते. फोन मात्र ते करत होते. शिवाय कुणी मला पसंत केलं होतं आणि कुणी नाकारलं होतं, तेही आता कळणार नाही. सगळ्यांना एकच निरोप गेला होता.

एका रविवारी मी एकटी अजिंक्यताऱ्यावर गेले. ती चूक होती. दरवाजा मला दरवाजा म्हणून दिसेना. तिथं मधोमध उभी असलेली, बुरूज झाकला जाऊ नये म्हणून बाजूला सरकणारी, चष्मेवाली मुलगी दिसत राहिली. मी आयुष्यभर लोकांना हा गड दाखवला आणि त्यांतल्या एकानंही तो बघितला नव्हता. चार भिंतींपाशी मी थांबलेच नाही. पर्यटकांचा एक घोळका तिथं फोटो काढत होता. त्यातल्या एकानं विचारलं, "मावशी, हे काय आहे ओ?" मी म्हणाले, "मला माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाले.

मग मी सांगलीला जायचं ठरवलं. आईला वाटलं, मुलाला भेटायला चालले. "त्याला दोन पोरं हायती," ती म्हणाली. मी म्हणाले, मला काकूंना भेटायचं आहे. मुलाशी माझं काही काम नव्हतं. तो आता बायकोमुलांसह कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यावर असतो. पण सांगलीत एक घर होतं, जिथं माझ्या नावावर एक नकार जमा होता, आणि तो मी दिलेला नव्हता. तेवढं जाऊन सांगायचं होतं. कराड गेलं, उसाच्या गाड्यांमागं एसटी रांगत राहिली, आणि मी वाक्य जुळवत बसले. अण्णांना खोटारडे न म्हणता ते कसं सांगायचं, हे सांगली आलं तरी जमलं नव्हतं.

काकूंनी मला बोलूच दिलं नाही. धाकट्या सुनेला त्यांनी स्वयंपाकाला लावलं आणि पायात चपला सरकवल्या. "आलायसा तर सांगली बघून जावा. तुमीच एकट्या राजधानीच्या न्हाईसा. आमचंबी संस्थान हुतं."

त्यांनी मला गणपतीच्या देवळात नेलं. काळ्या दगडाचं, मोठ्या आवाराचं, संस्थानाच्या काळातलं देऊळ. त्या फार छान दाखवतात. दगड कुठून आणला, उत्सवात रांग कुठवर जाते, महापुरात पाणी कुठवर चढलं होतं. भिंतीवरची एक रेघ दाखवून म्हणाल्या, "इथवर. आमची हळदीची पोती समदी गेली. पिवळं पानी निघत हुतं दारातनं." मी ऐकत होते. मधे मधे त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांना ते आवडत होतं हे मला दिसत होतं.

घाटावर आम्ही बसलो. कृष्णा संथ होती. तेव्हा मी सांगितलं.

"काकू, मी तुम्हाला नाही म्हणाले नव्हते. मला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही बघायला आलात हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

काकूंनी पदर आवरला. मग म्हणाल्या, "गेलेल्या माणसावर ढकलू नगासा."

"ढकलत नाही. खरं आहे ते सांगते."

"आवं, पोरगी वर चढून किल्ला दावती, सोता केलेली भाकरी खाऊ घालती, माज्या पोरासंगं हसून बोलती. आन तिला ठावं न्हाई? मी गल्लीभर सांगितलं हुतं, साताऱ्याची शिकलेली सून येनार. पेढं वाटायचं तेवढं राहिलं हुतं. मग बाया म्हणाल्या, हळदीचं हात बघून नाक मुरडलं असंल."

हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांच्या त्या एका फोनचं ओझं या बाईंनीही इतकी वर्षं वाहिलं होतं. मी म्हणाले, "मी नाक मुरडलं नव्हतं. तुमच्या मुलाचा प्रश्न मला आवडला होता. अजून लक्षात आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बहुतेक तेव्हा त्यांचा थोडा विश्वास बसला. कारण त्यांनी विचारलं, "आन समजा, इचारलं असतं. तर काय म्हणाला असतासा?"

एवढा साधा प्रश्न. तो मला माझ्या वडिलांनी विचारायला हवा होता आणि तो विचारत होत्या सांगलीच्या एक काकू, घाटाच्या पायरीवर, सगळं होऊन गेल्यावर. मला घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं. मी खरोखरच विचार केला. ती पंचविशीतली मुलगी आठवली. तिची नवी नोकरी, कपाटाच्या किल्ल्या पहिल्यांदा हातात आल्या तो आनंद, ओट्यावरच्या संध्याकाळी. सांगलीतलं हे भरलेलं घर. तो मुलगा, जो प्रश्न विचारत होता.

"बहुतेक नाहीच म्हणाले असते," मी म्हणाले.

"मग झालं की," काकू म्हणाल्या. "त्यांनी काय येगळं सांगितलं?"

"मी म्हटलं असतं ते माझं असतं, काकू. त्यांनी म्हटलं ते त्यांचं."

त्यांनी यावर विचार केला. टाळला नाही, खरंच केला. मग मान हलवली. "तुमी लय शिकलायसा. आमच्या दारात न्हाई एकच आलं. त्ये कुनाच्या तोंडचं हुतं, त्याचा आमी काय इचार करायचा?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. हा सगळा मजकूर मी त्या उत्तरासाठीच लिहायला बसले होते, आणि लिहून झाल्यावरही ते हाती आलेलं नाही. फरक आहे, एवढं मला कळतं. तो दाखवता येत नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "सून खोळंबली असंल."

घरी पानं मांडलेली होती. आतल्या खोलीत काका पडून होते. त्यांना मी नमस्कार केला, त्यांनी मला ओळखलं नाही. सून भाकरी वाढायला आली तेव्हा काकूंनी ओळख करून दिली, "ह्या साताऱ्याच्या. थोरल्यासाठी बघितल्या हुत्या आमी. ह्यांनीच न्हाई म्हटलं हुतं."

सून तरुण होती. हातातली भाकरी तशीच धरून ती कुतूहलानं माझ्याकडं बघत राहिली. "खरंच, तुमी न्हाई म्हणाला?"

काकू माझ्याकडं बघत होत्या. त्या आता मला हवं ते बोलू देणार होत्या, असं मला वाटलं.

"हो," मी म्हणाले, आणि भाकरीसाठी ताटात जागा केली.